प्रतिनिधि कोणाचा?

मराठी राज्याच्या इतिहासांत 'प्रतिनिधि' या पदाचा जन्म कसा झाला हें मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. छत्रपति राजाराम महाराज जिंजीस असतां त्यांनीं हें पद निर्माण केलें आणि प्रल्हाद निराजी यांस तें दिलें. राजाच्या नांवें बोलणारा, राजाच्या नांवें करणारा, तो प्रतिनिधि. तेव्हां त्याची नेमणूक राजानें करावी हें ओघानेंच आलें. ज्याच्या वतीनें बोलावयाचें त्यानेंच बोलणारा निवडावयाचा, हा न्याय त्या काळच्या दरबारी व्यवहारासही कळत होता. प्रल्हादपंतांस रयतेचा प्रतिनिधि असें कोणीं म्हटलें नाहीं.

आज या साध्या न्यायाची उलटापालट झाली आहे. आमच्या राज्यांतील शिक्षणविषयक मंडळें, समित्या आणि परिषदा यांच्या सभासदांच्या याद्या उघडून पाहाव्या. त्यांत कोठें ना कोठें शिक्षकांसाठीं राखलेली जागा असते. त्या जागीं एक नांव असतें, नांवापुढें एखाद्या शाळेचें वा महाविद्यालयाचें नांव असतें. आणि ही निवड कोणीं केली म्हणून विचारावें, तर बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळतें कीं सरकारनें. म्हणजे नेमणारा एक, आणि ज्याचा प्रतिनिधि म्हणावयाचें तो दुसरा! वादीचा वकील प्रतिवादीनें नेमावा, त्याचें वकीलपत्र प्रतिवादीनेंच लिहावें, आणि मग वादीस सांगावें कीं बाबा रे, तुझी बाजू न्यायालयांत मांडली गेली. त्यांतलाच हा प्रकार. या पद्धतीस 'नामनिर्देशन' असें भारदस्त नांव आहे. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें एवढेंच कीं नामनिर्दिष्ट शिक्षक विद्वान असेल, प्रामाणिक असेल, क्वचित् निर्भयही असेल. पण तो शिक्षकांचा प्रतिनिधि नव्हे. तो जिंजीच्या अर्थानें प्रतिनिधि आहे. ज्यानें नेमलें त्याचा.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असें कोणी म्हणेल, म्हणून या मंडळांच्या हातीं काय असतें तें आधीं पाहूं. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हें १९६५ च्या कायद्याचें अपत्य. १ जानेवारी १९६६ रोजीं तें अस्तित्वांत आलें. मुख्य कचेरी पुण्यास, आणि मुंबई, पुणें, नागपूरपासून लातूर आणि कोंकणापर्यंत त्याचीं नऊ विभागीय मंडळें. दहावीची आणि बारावीची परीक्षा या मंडळाच्या हातीं आहे. आणि आमच्या समाजांत ज्याच्या हातीं दहावी-बारावी त्याच्या हातीं घरोघरींची झोंप, हें कोणत्याही पालकास विचारावें. या मंडळाचा अध्यक्ष सरकार नेमतें. शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी तेथें पदामुळेंच बसतात. मुख्याध्यापक व शिक्षक यांना आंत यावयाचें तें बहुधा सरकारी नामनिर्देशनाच्या दारानें.

त्या दारानें आंत येणाऱ्या शिक्षकाकडून अपेक्षा तरी कोणती? कायद्याचें ज्ञान नको. तें सचिवालयांत भरपूर आहे. विषयाची विद्वत्ता नको. ती तज्ज्ञ समित्यांवर मिळते. त्यानें आणावयाचें तें एकच ज्ञान, जें दुसऱ्या कोणापाशीं नसतें : वर्गाचें. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेंत मध्यम बुद्धीच्या मुलाच्या हातून काय लिहून होतें. तालुक्याच्या शाळेंतील प्रयोगशाळेचें कुलूप वर्षांतून कितीदां निघतें. साठ मुलांच्या वर्गांत तोंडी परीक्षा कशी उरकली जाते. हें ज्ञान बहुतांशीं कडू असतें. सरकारनें ज्या गोष्टी झाल्या म्हणून जाहीर केलेल्या असतात, त्या झालेल्या नाहींत असें तें सांगतें. आणि येथेंच नामनिर्देशनाचें खरें वैगुण्य आहे. पंगतीस बोलावलेला पाहुणा यजमानाच्या आमटीला नांवें ठेवीत नाहीं. तो भित्रा असतो म्हणून नव्हे. तो सभ्य असतो म्हणून.

हें मी दुसऱ्याविषयीं ऐकून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या विषयाच्या अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या एका समितीवर माझी शिक्षक म्हणून नियुक्ति झाल्याचें पत्र मला आलें. माझें नांव कोणीं सुचविलें, कां सुचविलें, हें मला तेव्हांही कळलें नाहीं आणि आजतागायत कळलेलें नाहीं. मला आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीं पेढे मागितले आणि मीं दिले. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशीं संध्याकाळीं हातीं पडली. बैठकींत चहा आला, प्रवासभत्त्याचे कागद आले, आणि मसुदा आला तो छापूनच. अकरावीच्या वर्षांत जेवढे पाठ शिकवून होत नाहींत असा माझा वीस वर्षांचा अनुभव होता, त्याहून चार पाठ त्या मसुद्यांत अधिक होते. अध्यक्षांनीं सौजन्यानें माझ्याकडे वळून विचारलें, "सर, आपलें काय मत?" मीं घसा साफ केला आणि म्हणालों, "एकंदरींत ठीक आहे." इतिवृत्तांत नोंद झाली कीं मसुदा सर्वानुमतें मान्य.

मला कोणीं धमकावलें नव्हतें. कोणतें आमिषही दाखविलें नव्हतें. मग मी गप्प कां राहिलों? पुष्कळदां विचार केल्यावर मला असें दिसतें कीं माझें तोंड उघडण्यास लागणारें बळ मागून यावयास हवें होतें, आणि माझ्या मागें कोणीच नव्हतें. मला पाठविणारा शिक्षकवर्ग असता, परत गेल्यावर "काय केलेंत?" म्हणून विचारणारीं चार तोंडें असतीं, तर त्यांच्या धाकानें तरी मी बोललों असतों. समितीची मुदत संपल्यावर एका तालुक्याच्या गांवीं शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गास मी व्याख्यानास गेलों होतों. प्रास्ताविकांत माझ्या त्या सभासदत्वाचा गौरवानें उल्लेख झाला. व्याख्यान संपल्यावर माझ्याच वयाचे एक शिक्षक जवळ आले आणि अत्यंत नम्रपणें म्हणाले, "सर, आपण तेथें आमच्या वतीनें बसलां होतां, हें आम्हांला आज कळलें. आधीं कळलें असतें तर दोन ओळींचें पत्र तरी टाकलें असतें." त्या वाक्यांत उपरोध नव्हता, असता तर मला बरें वाटलें असतें.

आतां पूर्वपक्षाकडे वळूं. नामनिर्देशनाचे कैवारी पहिली गोष्ट सांगतात ती गुणवत्तेची. निवडणुकींत लोकप्रिय माणूस येतो, नेमणुकींत लायक माणूस येतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. या सिद्धांताचें वय शंभर वर्षांहून अधिक आहे. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें १९०४ चा विद्यापीठांचा कायदा आणला तेव्हां हेंच प्रमेय पुढें केलें होतें : अधिसभांत वकील-डॉक्टरांची गर्दी झाली आहे, प्रत्यक्ष शिक्षण देणाऱ्यांस तेथें स्थान मिळालें पाहिजे, आणि तें द्यावयाचें तर नेमणुकीचा अधिकार हातीं हवा. परिणाम काय झाला? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या जुन्या विद्यापीठांत फेलोंची संख्या फार तर १०० ठरली, त्यांतले निवडून यावयाचे २०, आणि उरलेले कुलपतींनीं, म्हणजे मुंबईपुरतें बोलावयाचें तर गव्हर्नरसाहेबांनीं, नेमावयाचे. या विधेयकास वरिष्ठ कायदेमंडळांत ज्यांनीं कसून विरोध केला ते गोपाळ कृष्ण गोखले स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयांत वर्षानुवर्षें शिकविलेले शिक्षक होते. शिक्षकांस स्थान मिळावें याला त्यांचा विरोध कसा असेल? शिक्षकाच्या नांवाखालीं विद्यापीठ हें सरकारचें एक खातें होऊन बसेल, हें त्यांचें भय होतें. लायक माणूस नेमण्याची इच्छा खोटी नसेलही. पण लायकीची परीक्षा घेणारा जर नेमणाराच असेल, तर 'अडचण न करणारा' हा गुण लायकींत हळूच शिरतो आणि पुढें पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो. परकीय सरकार गेलें म्हणून मनुष्यस्वभाव बदलला असें मानण्यास आधार नाहीं.

नेमणुकीनें निर्भय माणसें येतच नाहींत असें मात्र मी म्हणणार नाहीं. तसें म्हणणें असत्य होईल. १६ एप्रिल २०२५ रोजीं राज्य सरकारनें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. तेव्हां सरकारनेंच नेमलेल्या भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनीं तो मागें घ्यावा असें मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून कळविलें. नेमलेल्या माणसाचा कणा ताठ असूं शकतो याचा हा पुरावा आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्रानें त्या समितीचें ऋण मानलें पाहिजे. परंतु क्रम लक्षांत घ्यावा : निर्णय आधीं निघाला, आणि समितीचें पत्र मागाहून गेलें. १७ जूनला निर्णयाचे शब्द बदलले. आणि सभा, ठराव व मोर्चाच्या घोषणा यांनीं राज्य ढवळून निघाल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. अडीच महिन्यांच्या या गदारोळांत साहित्यिक बोलले, पुढारी बोलले, नटही बोलले. सहा वर्षांच्या पोरास एकाच वर्षीं तीन भाषांशीं झगडावयास लावलें तर वर्गांत काय होतें, हें ज्यास डोळ्यांनीं दिसतें त्या पहिलीच्या शिक्षकाचें मत कायद्यानें विचारावें असें ठिकाणच नव्हतें. एखाद्या सभासदाचा बाणेदारपणा हा त्याचा गुण आहे, पद्धतीचा नव्हे. धरणाच्या भिंतीस भगदाड असावें आणि एखादा शूर मनुष्य त्यांत पाठ लावून उभा राहावा, तर आपण त्या माणसाची स्तुति करावी; भिंतीची करूं नये.

आणि शिक्षकाचा आवाज नसल्यानें बिघडतें काय, याचें उत्तर राज्य मंडळाच्याच निकालांत शोधतां येतें. २०१८-१९ या वर्षीं दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर भाषादि विषयांत शाळेनें द्यावयाचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यांत आले. २०१८ सालीं दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ सालीं तो ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली. राज्य मंडळाचीं मुलें अकरावीच्या प्रवेशांत इतर मंडळांच्या मुलांपेक्षां मागें पडणार, असा कोलाहल उठला. आणि त्याच वर्षीं ते २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रम नवा असल्यामुळें २०१९ च्या घसरणीचें सारें खापर त्या २० गुणांवर फोडतां येणार नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे. तरीही जे गुण एका वर्षीं अनावश्यक ठरले ते दुसऱ्या वर्षीं अत्यावश्यक कसे ठरले, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक शाळेच्या शिक्षकांच्या खोलींत ठाऊक होतें. जी भाषा मुलाला बोलतां येत नाहीं ती त्याला आली असें म्हणतां येत नाहीं. म्हणून तोंडी परीक्षा हवीच. पण साठ-सत्तर मुलांच्या तुकडींत ती धडपणें घेण्यास लागणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकांत नसतो. म्हणून ती बहुतेक ठिकाणीं कागदावर होते आणि गुण सढळ हातानें पडतात. म्हणजे खरा वाद गुण ठेवावे कीं काढावे हा नव्हताच. खरा वाद तुकड्या लहान कराव्या कीं खोटे गुण चालूं द्यावे, हा होता. हें बोलावयाचें तर शिक्षकानें स्वतःच्या हातून होत असलेला खोटेपणा आधीं कबूल केला पाहिजे, आणि अशी कबुली आपल्या बांधवांच्या वतीनें देण्याचा अधिकार त्यांनीं निवडलेल्यासच असतो. नेमलेला सभासद ती देऊं लागला तर तो फितूर ठरतो. मंडळाच्या दालनांत कोणी असें बोलला असेल, तर तें शिक्षकांच्या कानीं आलें नाहीं. आणि कोणी बोलला नसेल, तर त्याला कोणीं जाब विचारला नाहीं. गुण गेले आणि गुण आले. तुकड्या होत्या तेवढ्याच राहिल्या. ज्या मुलांचीं वर्षें या येरझाऱ्यांत सांपडलीं त्यांना हें कोणीं समजावून सांगावें?

पूर्वपक्षाचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवडणूक आली कीं राजकारण आलें, पैसा आला, संघटनांचे हेवेदावे आले, असें म्हणतात; आणि पुरावा म्हणून विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांकडे बोट दाखवितात. हा पुरावा मी नाकारीत नाहीं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेंत ७८ जागा आहेत आणि त्यांतल्या ७ शिक्षक मतदारसंघांच्या. तेथील निवडणुका पाहून कोणाही शिक्षकानें मान खालीं घालावी असे प्रसंग घडले आहेत. पण त्या घडणीकडे नीट पाहावें. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदानें मतदार कोण हें ठरविलें : माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाची नाहीं अशा संस्थेंत किमान ३ वर्षें शिकविणारा. उमेदवारही शिक्षक असावा असें मात्र त्यानें कोठें म्हटलें नाहीं. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं दिला. संविधानाची शब्दयोजना पाहतां शिक्षक मतदारसंघासही तोच न्याय लागतो. म्हणजे वर्गांत पाय न ठेवलेला मनुष्यही शिक्षकांच्या जागेवर उभा राहूं शकतो. शिवाय एकेका मतदारसंघाचा विस्तार कित्येक जिल्ह्यांएवढा. तेवढ्या मुलुखांत फिरावयास शिक्षकाजवळ ना रजा ना पैसा. तेथें पक्ष आणि पैसा शिरले याचें नवल कशास? दोष मतपेटीचा नाहीं. ती ज्या रीतीनें मांडली त्या रीतीचा आहे. विहिरीचें पाणी गढूळ झालें तर शहाणा मनुष्य विहीर उपसतो. विहीर बुजवून सरकारी टँकरची वाट पाहत बसत नाहीं.

आणि या मांडणींतील सर्वांत मोठा अन्याय तर कोणी बोलूनही दाखवीत नाहीं. मी महाविद्यालयांत शिकवितों. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें अधिसभेवर शिक्षकांच्या १० आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा निवडणुकीनें भरावयाच्या ठरविल्या आहेत. तेथें मला शिक्षक म्हणून मत आहे, आणि नोंदणी केलेला पदवीधर म्हणूनही आहे. विधान परिषदेसाठीं शिक्षक म्हणून मत आहे तें निराळेंच. आणि जो प्राथमिक शिक्षक राज्यांतील प्रत्येक मुलाच्या हातांत पहिली पेन्सिल देतो, त्यास विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांत शिक्षक म्हणून मत नाहीं; संविधानाच्या शब्दांनींच तो वगळला गेला आहे. ज्यास मुलें घडून आल्यावर भेटतात त्यास मतांवर मतें, आणि जो मुलें घडवितो तो मुका! जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शिक्षकाच्या वेतनाचा आंकडा सांगितला होता : १२ रुपयांहून कमी नसावें, आणि मोठ्या गांवीं १५ किंवा २० असावें. खेड्यांतील पंतोजीचें दुखणें इतक्या नेमकेपणें मांडणारे जोतीराव त्या आयोगाचे सभासद नव्हते. त्या गोष्टीस आज एकशें चाळीस वर्षें उलटून गेलीं. प्राथमिक शिक्षकाच्या वतीनें बोलावयास अजूनही दुसऱ्यानेंच उभें राहावें लागतें.

निवडून आलेल्या शिक्षकांच्या हातीं अधिकार दिल्यानें आकाश कोसळतें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं स्कॉटलंडकडे पाहावें. आमच्या राज्य मंडळाचा कायदा ज्या वर्षीं झाला त्याच १९६५ सालीं तेथें शिक्षक परिषदेचा कायदा झाला. शिक्षकांची नोंदणी आणि त्यांच्या व्यवसायाचा दर्जा राखणें हें तिचें काम. म्हणजे ती आपल्या परीक्षा मंडळासारखी नव्हे, आणि ही तुलना तेवढ्यापुरतीच घ्यावी. २०१२ सालीं ती परिषद सरकारपासून स्वतंत्र झाली तेव्हां तिच्या ३७ सभासदांपैकीं १९ शिक्षकांनीं शिक्षकांतून निवडलेले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक. नेमलेले सभासद तेथेंही होते, पण त्यांस शिक्षकांचे प्रतिनिधि असें कोणी म्हणत नव्हतें. ज्याला त्याला आपापल्या नांवानें हांक मारण्याची ही साधी चाल आम्हांस कां साधूं नये?

नुसती टीका करून थांबणें हें आमच्या व्यवसायाचें जुनें व्यसन आहे, म्हणून मला जें करणें शक्य दिसतें तें सांगतों. पहिली गोष्ट, राज्य मंडळ आणि तत्सम संस्थांवरील शिक्षकांच्या जागा विभागवार आणि स्तरवार निवडणुकीनें भराव्या. प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षकांची यादी वेगळी असावी, आणि उमेदवार हा त्या वेळीं आठवड्यास ठराविक तास प्रत्यक्ष शिकविणाराच असावा. क्षेत्र लहान ठेवलें आणि मतदान शाळेंतच घेतलें, तर खर्चाचा बाऊ करण्याचें कारण उरत नाहीं. दुसरी गोष्ट, सरकारला तज्ज्ञ नेमावयाचे असतील तर त्यानें ते खुशाल नेमावे. पण त्यांस 'सरकारनियुक्त तज्ज्ञ' म्हणावें आणि नेमणुकीचें कारण प्रसिद्ध करावें. तिसरी, बैठकीची विषयपत्रिका पंधरा दिवस आधीं शाळाशाळांत पोंचावी, आणि इतिवृत्तांत 'सर्वानुमतें' या एका शब्दाखालीं सारें न झांकतां कोण काय बोलला तें नोंदलें जावें. चौथी, अशा प्रतिनिधीस दोनांहून अधिक मुदती मिळूं नयेत, आणि पदावर असतांना त्यानें सरकारचा पुरस्कार वा दुसरी नेमणूक स्वीकारूं नये. माणसाचें तोंड धमकीनें जितकें बंद होत नाहीं तितकें आशेनें होतें. हें मी स्वानुभवानें सांगूं शकतों.

शेवटीं चार शब्द स्वकीयांस. सरकार नेमतें, कारण आम्हीं तें नेमूं दिलें. २०२३ च्या मार्चांत जुन्या निवृत्तिवेतनासाठीं राज्यांतील सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही संपावर गेले. ती मागणी न्याय्य कीं अन्याय्य, हा येथें प्रश्न नाहीं. पण निवृत्तीनंतर आपणांस काय मिळावें यासाठीं जो वर्ग शाळा बंद ठेवूं शकतो, त्यानें सेवेंत असतांना आपण काय शिकवावें आणि कसें तपासावें हें ठरविणाऱ्या मंडळावर आपला माणूस आपण निवडावा, यासाठीं एका दिवसाचाही संप केल्याचें मला आठवत नाहीं. पगार मागणाऱ्याला सरकार नोकर म्हणून ओळखतें. विचारांत वाटा मागणाऱ्यालाच तें शिक्षक म्हणून ओळखील. संघटना ही जागा बळकावतील असें भय असेल, तर बळकावूं द्या. मग निदान त्यांना निकालाच्या दिवशीं जाब विचारतां येईल. आज जाब विचारावयास समोर कोणीच नाहीं. पुढल्या नियुक्त्यांची यादी निघेल तेव्हां त्यांतील प्रत्येक शिक्षक-सभासदाच्या नांवें त्याच्या विभागांतील शिक्षकांनीं एक पत्र लिहावें : आपण आमच्या वतीनें बसलां आहां असें कळतें, आमचें म्हणणें असें असें आहे, आपण काय बोललां तें कळवावें. ज्याला प्रतिनिधि म्हणवून घ्यावयाचें आहे तो उत्तर देईल. जो देणार नाहीं, तो कोणाचा प्रतिनिधि आहे हें तरी त्या दिवसापासून सर्वांस कळेल.